टायर धरूनच गाडी बेतलेली असते

(पुण्यात जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या आलिशान गाडीसाठी टायरची निवड’. निवड कशी करायची ते सांगणारच आहे. पण त्याआधी मला एक तक्रार मांडायची आहे आणि ती मांडायला याहून चांगली सभा मिळायची नाही.

गाडीच्या मूळ रंगाची छटा जुळावी म्हणून आपण महिनोन्महिने थांबतो. क्रोमचं काम मनासारखं होईपर्यंत कारागिराला सोडत नाही. टायरची पाळी आली की मात्र पहिल्या दिसलेल्या दुकानासमोर गाडी उभी करायची आणि ‘बसेल तो टाक’ म्हणायचं. मला हे बघवत नाही. ज्या गाड्यांवर आपण जीव टाकतो, त्या बनवणाऱ्यांनी टायर हातात धरूनच सस्पेन्शन बेतलं होतं. टायर भलताच लावलात तर बाकी सगळं मूळचं ठेवूनही ती गाडी तुम्ही चालवतच नाही.

जॅग्वारची एक्सजे-6 घ्या. 1968 साली सर विल्यम लायन्स यांनी ती आणली तेव्हा लोक तिच्या शांतपणाने चकित झाले. त्यामागे बॉब नाइट हा इंजिनिअर होता, आवाज आणि थरथर यांच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस. डनलॉपने या गाडीसाठी म्हणून एसपी स्पोर्ट रेडियल तयार केला, ई70 व्हीआर 15 या आकाराचा. रेडियल म्हणजे ज्याच्या आतले दोरे सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली ताठ पट्टा असतो तो टायर. एवढा रुंद रेडियल घरगुती वापराच्या आलिशान गाडीला लावणं त्या काळी धाडसाचंच, कारण रेडियल रस्ता घट्ट पकडतो तसा रस्त्याचा आवाजही आत आणतो. म्हणून टायर, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश आणि सबफ्रेमची, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीची, बांधणी ही सगळी एकमेकांशी जुळवत नेली. आज त्यातला टायर काढून दुसराच लावायचा आणि ‘बुश बदलले तरी आवाज येतोच’ म्हणून मिस्त्रीवर चिडायचं, हा त्या मिस्त्रीवर अन्याय आहे.

रोल्स-रॉइसची गोष्ट तर याहून बोलकी. सिल्व्हर शॅडो 1965 साली आली ती क्रॉस-प्लायवर, म्हणजे आतले दोरे तिरके, एकमेकांवर फुली मारणारे असतात त्या टायरवर. दुकानात आपण त्यालाच नायलॉन म्हणतो. आकार 8.45-15. रेडियल तेव्हा काही नवा नव्हता. मिशेलिनने 1946 मध्ये पेटंट घेऊन 1949 मध्ये तो विकायलाही काढला होता, 1955 ची सिट्रोएन डीएस रेडियलवरच आली होती. तरी रोल्सवाले थांबले. रेडियलचा पोलादी पट्टा ताठ असतो, कमी वेगात रस्त्याच्या सांध्यावरून जाताना त्याची धपधप आत येते. ती त्यांना चालणार नव्हती. 1972 मध्ये त्यांनी पुढच्या सस्पेन्शनची बांधणी लवचीक केली, चाकाला धक्क्याबरोबर जरासं मागे सरकता येईल अशी, आणि तेव्हा कुठे रेडियल दिला. एका टायरसाठी पुढचं सस्पेन्शन बदललं! त्यामुळे 1972 च्या आधीची शॅडो असेल तर ‘आता सगळे रेडियलच लावतात’ या सल्ल्यावर तिला रेडियल चढवण्याआधी चार वेळा विचार करा.

आपल्याकडे रेडियल उशिरा आला. जेके टायरने 1977 मध्ये सुरुवात केली, पण ॲम्बेसेडरचा 5.90-15 नायलॉनच आपल्या मिस्त्री लोकांच्या हातात वर्षानुवर्षं होता. नायलॉनचा टायर झिजून मरायचा. नक्षी गेली की टायर गेला, नक्षी आहे तोवर टायर आहे, हा हिशेब तिथून डोक्यात बसला. आता माझी तक्रार.

कोल्हापूरचे माझे एक स्नेही आहेत. वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडे एक्सजे-6 आली, पहिल्या मालिकेतली. वडिलांनी ती जपली होती, पण गाडी बरीच वर्षं उभी होती. स्नेह्यांनी ब्रेक केले, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, आणि टायरसाठी मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने आतून चार टायर काढले. ‘साहेब, बाहेरचा माल आहे, एक किलोमीटर चाललेला नाही, नक्षी बघा.’ नक्षी खरंच पूर्ण होती, रबरावरचे बारीक केसही तसेच. पैसे दणदणीत घेतले.

गाडी पुण्याला आणताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मे महिना, दुपार. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या आसपास आलो आणि मागून आधी नुसती भुणभुण सुरू झाली. स्नेही म्हणाले, रस्ता खराब असेल. मग मागच्या उजव्या चाकाकडून कुणी आतून हातोडा घालावा तसे दणके. त्यांनी शांतपणे वेग कमी करत गाडी कडेला घेतली, ब्रेक जोरात दाबला नाही, हे फार बरं केलं. उतरून पाहिलं तर टायरमध्ये हवा होती! फुटलाच नव्हता. नक्षीचा सबंध पट्टा खालच्या पोलादी थरावरून सुटून हातभर लोंबत होता आणि फिरताना मडगार्डला आतून झोडपत होता. मडगार्डच्या कडेचा पत्रा बाहेरच्या बाजूला वळला होता.

आता ज्यांच्याकडे एक्सजे आहे ते मान हलवताहेत, कारण त्यांना माहीत आहे की त्या पत्र्यामागे काय असतं. या गाडीला पेट्रोलच्या दोन टाक्या असतात, डिकीच्या दोन्ही अंगांना, मागच्या मडगार्डांच्या आत. पत्रा टिकला म्हणून आम्ही वाचलो.

मी तिथेच बसून टायरची गाडीकडची, आतली बाजू बोटाने पुसली. डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याचं चिन्ह) या अक्षरांनंतरच्या रांगेत शेवटी तीनच आकडे होते, 187, आणि पुढे इवलासा त्रिकोण. म्हणजे 1997 सालचा अठरावा आठवडा. नक्षीच्या खाचेत नख दाबलं तर रबर दबेना. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, वाकवून पाहिली तर रिमजवळ केसांएवढ्या भेगांचं जाळं. दुकानदाराने ‘न चाललेला’ म्हणून विकला तो टायर चालला नव्हता म्हणूनच जास्त बिघडला होता. रबरात हवेतल्या ओझोनपासून रक्षण करणारं मेण घातलेलं असतं, ते टायर चालताना दबतो-सुटतो तेव्हा पृष्ठभागावर येत राहतं. पडून राहिलेल्या टायरला तेही मिळत नाही. आत ऑक्सिजन आपलं काम करतच असतो, रबर आणि पोलादी पट्टा यांची पकड सुटत जाते. मेमधला तापलेला रस्ता आणि दीड टनाहून जड गाडी, मग काय व्हायचं ते झालं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, हवा कमी ठेवली असेल. माझा संताप त्या उत्तराचा आहे. तारीख टायरवर कोरलेली होती आणि माल विकणाऱ्याला ती वाचता येत होती.

हात वर करा बघू, स्वतःच्या टायरची तारीख कितीजणांनी वाचली आहे? बाहेर गाड्या जास्त आहेत, इथे हात कमी. 2000 पासून चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. तीन आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला आहे, त्यावर गाडी गॅरेजच्या बाहेरसुद्धा काढू नका. मिशेलिनसारखे उत्पादकही दहा वर्षं झाली की नक्षी कशीही असो, टायर बदला म्हणतात. आपल्या उन्हात, उभ्या राहणाऱ्या गाडीला, मी त्याआधीच बदलीन.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय. तर मूळ विषय भराभर.

आधी मापाचा हिशेब. एक्सजे-6 ला आज 205/70 आर 15 लागतो, म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या 70 टक्के आणि रिम 15 इंची. त्याचा व्यास साधारण 668 मिलिमीटर. दुकानात तुम्हाला इनोव्हाचा 205/65 आर 15 देतील, तो भरतो 648. तीन टक्के लहान. मीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 97 ने जात असेल, गाडी खाली बसेल आणि चाकाच्या कमानीत रिकामी जागा दिसेल. तोच आकार 1985 नंतरच्या मर्सिडीज डब्ल्यू126 ला मात्र कंपनीनेच दिलेला आहे. त्या मंडळींनी फक्त टायरवरचं भार आणि वेगाचं चिन्ह तपासावं (वेगाचं एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत). आकार जुळला तरी ते कमी असलेला टायर घेऊ नका. ‘मी कुठे 210 ने जातोय’ हे उत्तर नको. एच किंवा व्ही चिन्हाचा सांगाडा उष्णता सोसण्यासाठी बांधलेला असतो, ती उष्णता आपल्याकडे भरपूर आहे.

अठरा इंची अलॉय नकोत. 205/70 ची साइडवॉल 143 मिलिमीटर उंच असते, 235/45 आर 18 ची 106. जी उंची कमी झाली तिचे धक्के बुशला आणि तुमच्या पाठीला बसणार.

नायलॉन आणि रेडियल एका गाडीवर मिसळू नका. तारांच्या चाकांना ट्यूब लागते, पण ट्यूबलेस टायरच्या आतल्या उंचवट्यांवर ट्यूब घासते, तेव्हा ट्यूब चालेल असाच टायर निवडा आणि आतली कागदी चिठ्ठी काढायला लावा. पांढऱ्या पट्ट्यासाठी रिममध्ये अडकवायच्या रबरी चकत्या येतात, त्या घेऊ नका. खाली माती अडकते आणि साइडवॉल खरवडली जाते. जुन्या पुस्तकातला हवेचा दाब त्या काळच्या टायरसाठी आहे, तो आजच्या रेडियलला तसाच लावायचा नाही.

मिळतात कुठे? मिशेलिन एक्सडब्ल्यूएक्स पुन्हा बनवते, पिरेलीने सिंच्युरातो पी5 पुन्हा काढला आहे, तो मुळात जॅग्वारसाठीच होता. शॅडोवाल्यांची ॲव्हन कंपनी इंग्लंडमधल्या ज्या मेल्कशॅमच्या कारखान्यात टायर बनवायची तो 2023 च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा जुना साठा घेताना तारीख दोनदा वाचा. व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक चांगला आहे, आणि ती कंपनी 2009 पासून आपल्या अपोलोच्या मालकीची आहे. हे टायर त्यांनी इथे सहज मिळतील असे करावेत, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करू या. जून 2020 पासून नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘निर्बंधित’ यादीत गेली आहे, परवाना लागतो. एकेकट्याने धडपडण्यापेक्षा एका मापाच्या चार-पाच गाड्यांनी एकत्र मागवा.

शेवटचं. काढलेला जुना टायर भंगारात देण्याआधी त्याची साइडवॉल तुमच्यासमोर कापून घ्या. न कापलेला टायर पुसून, काळा रंग मारून पुन्हा कुणाच्या तरी गाडीखाली जातो.

प्रश्न बाहेर, गाड्यांपाशी घेऊ. तारखेचे आकडे बऱ्याचदा टायरच्या आतल्याच बाजूला असतात, म्हणून मी टॉर्च आणि सतरंजी आणली आहे. पहिल्यांदा ती हिरवी मर्सिडीज बघू.