रात्री दोनचं जेवण

रात्रीचे दोन वाजलेत. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात थर्ड शिफ्टची जेवणाची सुट्टी झाली. कॅन्टीनमध्ये वाफाळता भात, आमटी, बटाट्याची भाजी. दिव्यांचा एवढा लखलखाट, की बाहेर काळोख आहे हे इथे कुणाला आठवतही नाही.

शरीराला मात्र ते ठाऊक असतं.

दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच वर सुमारे 20 हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. हे आपलं मुख्य घड्याळ. रोज उजेड पाहून ते आपली वेळ मिळवून घेतं. पण घड्याळ हे एकटंच नाही. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी, सगळ्यांची आपापली घड्याळं आहेत. त्यातलं यकृताचं घड्याळ सूर्यापेक्षा ताटाकडे जास्त पाहतं. घास आला, की त्याच्या लेखी दिवस उजाडला.

आता या भाताचं काय होतं पाहा. मेंदूच्या हिशेबात मध्यरात्र आहे. रात्री वाढणारं मेलाटोनिन हे झोपेशी जोडलेलं संप्रेरक स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडताना हात आखडता घ्यायला लावतं. त्यामुळे सकाळी जो भात सहज पचला असता, तोच आता रक्तातली साखर जास्त चढवतो, आणि ती उतरायलाही वेळ घेते. अन्न तेच, माणूस तोच. वेळ तेवढी चुकली.

ओडिशात वाढलेले सच्चिदानंद पांडा यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने 2012 मध्ये उंदरांना तेलकट खाणं दिलं. काहींना चोवीस तास मोकळीक, काहींना फक्त 8 तास. दोघांच्या पोटात उष्मांक सारखेच गेले. मोकळीक असलेले लठ्ठ झाले, 8 तासांवाले बरेच सडपातळ राहिले.

आणि माणसं? 2021 मध्ये अमेरिकेत 19 निरोगी तरुण-तरुणींना प्रयोगशाळेत रात्रपाळी करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली. जागरण तेवढंच करून फक्त दिवसा जेवलेल्यांची वाढली नाही. माणसं थोडी, दिवसही थोडे. तरी मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण पाळी बदलणं कामगाराच्या हातात नसतं. जेवणाची वेळ थोडीफार असू शकते, कॅन्टीनने साथ दिली तर.

सकाळचे सात. कंपनीची बस भोसरीच्या दिशेने निघालीय. खिडकीतून कोवळं ऊन थेट डोळ्यांवर येतंय. मेंदूतलं घड्याळ म्हणतंय, ऊठ. रात्रपाळी संपवून निघालेला कामगार रुमाल डोळ्यांवर ओढून घेतो.