वकिलाला आधी शॉपवर आणा

नमस्कार मंडळी. कार्डावर विषय छापलाय ‘व्यावसायिक करार आणि वकिलाची निवड’. मी वकील नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीत मशीन शॉप चालवतो, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग यंत्रावर कापून मापात आणतो, आणि समोर बसलेले बहुतेक जण फौंड्रीवाले, म्हणजे लोखंड ओतणारे, नाहीतर मशीन शॉपवालेच आहेत. तेव्हा पीओ म्हणजे गिऱ्हाइकाची लेखी खरेदी ऑर्डर, डेबिट नोट म्हणजे बिलातून पैसे कापल्याचा कागद, हे समजावण्यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. वकील पहिला लॉट जायच्या आधी गाठायचा, आणि गाठला की त्याला सरळ शॉपवर आणायचं. आधी भट्टी दाखवायची, मग कागद.

आपल्याकडं शब्दावर धंदा होतो, आणि मला त्याचा अभिमान आहे. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून उद्यमनगरात नुसत्या चिठ्ठीवर माल गेलाय आणि पैसेही आलेत. तोंडी करार कायद्यालाही चालतो. 1872 चा करार कायदा प्रत्येक सौदा कागदावरच हवा असं म्हणत नाही. पण तेव्हा समोरचा माणूस संध्याकाळी तालमीत नाहीतर रंकाळ्यावर भेटायचा. आता गिऱ्हाईक पुण्याला आहे, होसूरला आहे, फरिदाबादला आहे. तिथला परचेसचा साहेब दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतो. ‘शेठ, काळजी करू नका, आपण बसून मिटवू’ म्हणणारा निघून जातो आणि मागं राहतो तो पीओ. त्या पीओला जोडलेली बारीक टायपातली पानं किती जणांनी शेवटपर्यंत वाचलीत? हात वर करा बघू. तीन. त्यातला एक हात सीए साहेबांचा आहे, तो धरायचा नाही.

आता माझ्या मित्राची गोष्ट सांगतो. गोकुळ शिरगावात त्याची फौंड्री आहे. नाव सांगत नाही, गिऱ्हाइकाचंही सांगत नाही. बेअरिंग हाउसिंगचं काम होतं. वर्षभर माल गेला, बिलं निघाली, सगळं सुरळीत. मग एके दिवशी मेलवर डेबिट नोट आली. मशीनिंगला ब्लोहोल, म्हणजे ओतकामात वायूनं पडलेली भोकं, निघाले म्हणून कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे पैसे कापले. तेवढं समजू शकतो, आपल्यातही रिजेक्शन येतं. पण वर मशीनिंगचा खर्च, टूल तुटल्याचा खर्च, लाइन थांबल्याचा खर्च. कास्टिंगच्या किमतीच्या कितीतरी पट. आणि ती रिजेक्ट कास्टिंगं परत आलीच नाहीत, आले ते फक्त फोटो. मित्र म्हणाला, ज्यावरून साचा बनतो तो पॅटर्न तरी द्या. उत्तर आलं, पीओ वाचा. वाचला. पॅटर्नचा खर्च पीस रेटमध्ये धरलाय, सबब पॅटर्न खरेदीदाराचा. वाद झाला तर कोर्ट त्यांच्या गावचं. हे सगळं पहिल्या दिवसापासून कागदावर होतं, आणि मित्रानं सही-शिक्का मारून ऑर्डर स्वीकारली होती.

मित्र वकिलाकडं गेला. गावातला मोठा माणूस, जमिनीच्या वाटणीच्या दाव्यांत त्यांच्यासमोर कुणी टिकत नाही, आणि ही मी मनापासून केलेली स्तुती आहे. पण त्यांना ब्लोहोल काय, हीट कोड काय, काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते कुणी दाखवलंही नाही. नोटीस गेली ती साच्यातली: माल दिला, पैसे द्या, अन्यथा कोर्टात जाऊ. समोरच्यांनी ती फायलीला लावली.

मग त्याच्या भाचीनं एक वकील बाई सुचवल्या. वयानं तरुण, कंपन्यांचे करार करणाऱ्या. त्यांनी पहिल्या भेटीत फाइल उघडलीच नाही. म्हणाल्या, ‘काका, आधी मला माल कसा होतो ते बघू दे.’ डोक्यावर हेल्मेट घालून पोरिंग, म्हणजे साच्यात लोखंड ओतताना, बघितलं. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करतात तिथं, एक पीस हातात घेतला, त्यावर उठलेला छोटा आकडा बघून विचारलं, हे काय? सुपरवायझर म्हणाला, हीट कोड, कुठल्या दिवशीच्या कुठल्या भट्टीचा माल ते यावरनं कळतं. बाईंनी लगेच डेबिट नोटचे फोटो मोबाइलवर मोठे केले आणि हीट रजिस्टर मागवलं. बाकावर बसून एकेक आकडा जुळवला. बरेचसे कोड आमच्या मित्राच्या रजिस्टरात नव्हतेच. तोच पार्ट गिऱ्हाईक दुसऱ्या फौंड्रीकडूनही घेत होतं, आणि त्यांचं रिजेक्शन याच्या खात्यावर पडलं होतं! ही गोष्ट कोर्टात बसून कुणाला सापडली नसती. ती फेटलिंगच्या बाकावर सापडली. दुसरी नोटीस हीट कोडच्या तक्त्यासकट गेली. समोरचे बोलणीला बसले आणि मध्यस्थीत प्रकरण मिटलं.

मी ही गोष्ट जिथं जाईन तिथं सांगतो, कारण वकील निवडताना आपण भलतंच बघतो. ‘कोर्टात आवाज कसा आहे’ विचारतो. मी विचारतो, तुम्ही शेवटचा पुरवठा करार कधी लिहिलात? रिजेक्शनचं कलम कसं लिहिता? शॉपवर याल का? जे येतील त्यांना काम द्या, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, घासाघीस करू नका. स्क्रॅपच्या रेटवर आपण रुपया-रुपया भांडतो, ते भांडायचं ठिकाण आहे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. जे सांगायला बोलावलं ते आता भराभर सांगतो, लिहून घ्या.

पीओ वकिलाला दाखवताना चार गोष्टींवर बोट ठेवा: रिजेक्शन किती दिवसांत कळवायचं आणि माल परत मिळणार का; नुकसानभरपाईला कमाल मर्यादा; पॅटर्न कुणाचा; कोर्ट कुठलं. शेवटचं फार महत्त्वाचं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांची सोय झाली, त्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं झगडा केला. पण पीओवर तुम्ही दुसऱ्या गावचं कोर्ट मान्य केलं असेल, आणि त्या कोर्टाला कायद्यानं अधिकार पोचत असेल, तर घराजवळच्या कोर्टाचा तुम्हाला काय उपयोग? लवाद असेल तर त्याचं ठिकाण बघा, आणि लवाद एकटं गिऱ्हाईकच नेमणार असं लिहिलं असेल तर तिथंच हरकत घ्या. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये असं एकतर्फी नेमणं नाकारलंय.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे. करारात काहीही लिहा, पैशाची मुदत 45 दिवसांच्या वर नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याचा दिवसच स्वीकारल्याचा धरून मुदत मोजतात. आणि तक्रार पुरवठादाराच्या भागातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाते, गिऱ्हाईक देशात कुठंही असो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र आजच करा. भांडण लागल्यावर केलेली कामाला येईल या भरवशावर राहू नका.

दाव्याला मुदत तीन वर्षं. मार्चमध्ये बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे बाकी किती आहे त्या पत्रावर, गिऱ्हाइकाची सही घ्या. मुदतीच्या आत लेखी सहीनं देणं कबूल झालं की तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. तीन लाख आणि वरच्या व्यापारी दाव्यात, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. तुमच्यावर दावा आला तर समन्स ड्रॉवरमध्ये टाकू नका. 120 दिवसांनंतर व्यापारी दाव्यात लेखी जबाब घेतच नाहीत. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस. व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी पुरावा होतात, पण कायद्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून जुना मोबाइल विकू नका.

फी लेखी ठरवा. ‘वसुलीतले इतके टक्के’ असं वकिलाला ठरवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. कुणी तसं म्हणालं तर नमस्कार करून उठा. वकीलपत्र वाचून सही करा. मूळ कागद देताना पोच घ्या.

अध्यक्ष उठले, थांबतो. ज्यांनी पीओ बरोबर आणलाय त्यांनी चहाच्या टेबलाशी या. मघाशी सांगितलेल्या वकील बाई आज इथं आल्या आहेत. रिजेक्शनचं कलम उघडून ठेवा, त्या तिथूनच सुरुवात करतात.