खंड पडला की

(दृश्य: वनकुसवडे पठार, ऑगस्ट. पवनचक्कीची थांबलेली पाती.)

आषाढात या पठारावर छत्री उघडायची सोय नसते. अरबी समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्री चढून इथे धडकतं, आणि पाटण तालुक्यातल्या या पवनचक्क्या रात्रंदिवस गरगरत राहतात. आज पाती उभी आहेत. पावसाचा खंड पडलाय.

वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्म्यावर आला, तर ऊर्जा निम्मी नाही, एक अष्टमांश उरते. ‘वारा जरा पडलाय’ हे आपल्यासाठी साधं वाक्य. विजेचा पुरवठा आणि मागणी यांचा क्षणोक्षणी मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्रात बसलेल्याला ते ऐकून घाम फुटतो.

शिवाय वारा एकटा पडत नाही. ढग हटतात, ऊन चटकतं, घराघरांत पंखे वाढतात, आणि माना टाकलेलं सोयाबीन जगवायला शेतकरी मोटर चालू करतो. पुरवठा घटायला आणि मागणी चढायला एकच आठवडा! 2023चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी. सप्टेंबर लागता लागता विजेची मागणी 2,40,000 मेगावॉटच्या वर गेली. तोवरचा उच्चांक.

दुपार सौरऊर्जा निभावून नेते. खरी परीक्षा दिवेलागणीला.

(दृश्य: कोयना धरणाचा शिवसागर जलाशय.)

तेव्हा हाक जाते कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाला. 1,960 मेगावॉट, आणि जनित्रं काही मिनिटांत सुरू. पण धरणात मावतं सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, आणि पश्चिमेला वळवून वीज करायला वर्षाकाठी परवानगी 67.5 टीएमसीची. हे वर्ष 1 जूनला सुरू होतं. आज उधळलेलं पाणी एप्रिलच्या उकाड्यात आठवतं.

मग धरण काठोकाठ भरून ठेवावं? जुलै 2021 मध्ये शेजारच्या महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस कोसळला. मध्य भारतात असे अतिवृष्टीचे प्रसंग 1950 पासून तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय. तसा पाऊस आला, तर दरवाजे उघडावे लागतात. पाणी कऱ्हाड-सांगलीकडे धावतं आणि पश्चिमेकडे वीज करणाऱ्या पोफळीच्या जनित्रांच्या वाट्याला येत नाही.

म्हणजे जागा ठेवायची की पाणी, हे ठरतं पाऊस कधी परततो यावर. हवामान विभाग पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी काढतो.

आज बुधवार आहे.