तीन देशांच्या वेशीवर

नमस्कार, श्रोतेहो.

जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाला आखन नावाचं शहर आहे. तिथलं तांत्रिक विद्यापीठ 1870 साली सुरू झालं आणि इंजिनिअरिंगसाठी जगभरातून मुलं तिथे येतात. मीही तिथेच शिकले. पण आज लेक्चर, लॅब आणि परीक्षांबद्दल मला बोलायचं नाही. मला बोलायचंय शनिवार-रविवारबद्दल. परदेशात माणसं जोडली जातात ती सुट्टीच्या दिवशी, आणि तीही जवळच्या, सावकाश केलेल्या भटकंतीत, असं माझं ठाम मत आहे.

सोमवार ते शुक्रवार सगळेच घाईत असतात. वर्गात शेजारच्याशी बोलणं होतं ते असाइनमेंटपुरतं. वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहात, सामायिक स्वयंपाकघर असतं. तिथे गाठ पडते, पण आपापली भांडी घासून होईपर्यंतच. आणि रविवारी तर दुकानंही बंद. जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला हा दिवस अक्षरशः खायला उठतो.

अशाच एका शुक्रवारी त्या स्वयंपाकघरात कोलंबियाच्या एका मुलीने विचारलं, "उद्या तीन देशांच्या टोकावर चालत जातोय, येतेस?" मी हो म्हटलं. सोबत व्हिएतनामचा एक मुलगा होता आणि आखनमध्येच लहानाचा मोठा झालेला एक जर्मन मुलगा.

शहराच्या कडेला फाल्सरबर्ग नावाची टेकडी आहे. उंची जेमतेम 322 मीटर, तरी युरोपातल्या नेदरलँड्सचं सर्वांत उंच ठिकाण हेच. माथ्यावर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमा एका बिंदूत मिळतात. जर्मन मुलाने तिथे आम्हाला सांगितलं की पूर्वी इथे चार प्रदेशांच्या सीमा मिळत. शेजारच्या जस्ताच्या खाणीवर प्रशिया, म्हणजे तेव्हाचं मोठं जर्मन राज्य, आणि नेदरलँड्स दोघांचाही डोळा होता. कोणीच माघार घेईना, म्हणून 1816 साली साडेतीन चौरस किलोमीटरचा एक तुकडा तटस्थ ठेवला गेला. नाव न्यूट्रल मोरेसनेट. पुढे बेल्जियम स्वतंत्र झाला आणि नेदरलँड्सच्या जागी तो आला. खाण संपली, तरी तो तुकडा 1920 पर्यंत तसाच राहिला. 1908 मध्ये तिथल्या विल्हेल्म मॉली नावाच्या डॉक्टरांनी तर तिथे एस्परांतो ही मुद्दाम तयार केलेली आंतरराष्ट्रीय भाषा बोलणारं राज्य उभारायचं ठरवलं होतं.

"मग तिथल्या माणसाने विचारल्यावर देश कुठला सांगायचा?" व्हिएतनामच्या मुलाने विचारलं. टेकडी उतरेपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो. आमच्यापैकी तिघांच्या बॅगेत रहिवासी परवान्याचं कार्ड होतं, मुदत कधी संपते ते तिघांनाही पाठ होतं. त्यामुळे तो प्रश्न आम्हाला नुसता इतिहासातला वाटत नव्हता. कोण परत जाणार, कोण इथेच नोकरी शोधणार, घरच्यांना काय कबूल केलंय, हे सगळं त्या दिवशी निघालं. आठवडाभर एकाच गॅसच्या शेगडीपाशी उभे असूनही यातलं काही आम्ही बोललो नव्हतो.

मग सायकली आल्या. सेकंड हँड, गंजलेल्या, पण चालणाऱ्या. आखनहून एक जुना लोहमार्ग निघतो, फेनबान. रूळ काढून तिथे आता सायकलमार्ग केलाय, थेट लक्झेंबर्गमधल्या ट्रॉइसव्हिएर्जपर्यंत, सुमारे 125 किलोमीटर. आगगाडीसाठी बांधलेला रस्ता असल्यामुळे चढ अंगावर येत नाही, पण आखनहून निघालं की तो बराच वेळ संपतही नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने या मार्गाची पट्टी बेल्जियमला मिळाली. त्यामुळे पट्टीच्या पलीकडे राहिलेले जर्मनीचे काही तुकडे आजही बेल्जियमने वेढलेले आहेत. त्यातल्या रुकश्लाग नावाच्या तुकड्यात एकच घर आहे. आपण सायकल मारतोय बेल्जियममध्ये आणि हातभर अंतरावरचं कुंपण जर्मनीतलं, हे मला शेवटपर्यंत नवलाचं वाटत राहिलं.

रेरनच्या पुढे एकदा कोलंबियाच्या मैत्रिणीची सायकल पंक्चर झाली. रविवार, त्यामुळे दुकानाचा प्रश्नच नव्हता. एकाकडे पॅच होते, दुसऱ्याकडे सोल्युशनची ट्यूब, माझ्याकडे पंप. चाक काढलं, चमच्याच्या दांड्याने टायर रिमवरून उचकटला, ट्यूब ओढ्याच्या पाण्यात बुडवून बोटाबोटाने पुढे सरकवली. बुडबुडे आले तिथे तिने अंगठा दाबून धरला, व्हिएतनामच्या मुलाने जागा पुसून पॉलिशपेपरने घासली, सोल्युशन लावलं आणि फुंकर मारत बसला. तेवढ्या वेळात त्याने सांगितलं की त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते आता नाहीत. पुढे कितीतरी वेळ आम्ही काही न बोलता सायकली चालवत होतो. ज्यांच्यासोबत गप्प राहता येतं ते मित्र झालेच म्हणून समजा.

आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडं. 2024 च्या उन्हाळी सत्रापासून बऱ्याच जर्मन विद्यापीठांत सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा सत्रभराचा प्रवास पास, देशभर चालतं, पण ते लोकल आणि रिजनल गाड्यांपुरतं. वेगवान गाड्यांना चालत नाही, आणि ते बरंच आहे. रिजनल गाडीत चार तास समोरासमोर बसावं लागतं. जर्मनीच्या रहिवासी परवान्यावर इतर शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवण्याचा करार केलेल्या युरोपीय देशांत, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, मात्र पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवंच. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

दर सुट्टीला विमानाने नवी राजधानी गाठणारी मुलंही मी पाहिली. त्यांच्याकडे फोटो खूप असायचे, पण सोबतीला बहुतेक तेच आपल्या देशातले चार जण. आपल्या माणसांचा सुरुवातीला फार आधार असतो, घर शोधताना, बँकेत खातं उघडताना. पण सगळे शनिवार त्यांच्यातच गेले तर शेजारच्या खोलीतलं जग शेजारीच राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुक्कामासाठी यूथ हॉस्टेल निवडा. याची सुरुवातही एका सहलीतच झाली. रिखार्ड शिरमान नावाचे शिक्षक 1909 मध्ये मुलांना घेऊन पायी निघाले होते. वादळात सापडले आणि रात्र एका शाळेत काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये मुलांना झोपायला जागा देता येईल, हे त्यांना तिथे सुचलं. 1912 साली आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांचं कायमचं हॉस्टेल सुरू झालं. आजही अशा ठिकाणी आपल्या गादीवर चादर आपणच घालायची असते, आणि वरच्या बंकवर कोण, यावरून अनोळखी माणसाशी बोलणं सुरू होतं.

आमचा गट आता पांगलाय. एक जण म्युनिकला, एक हनोईला, आणि कोलंबियाची मैत्रीण पीएचडीसाठी आखनलाच. फेनबानचा सांक्ट फिटपासून लक्झेंबर्गपर्यंतचा टप्पा मात्र आमचा राहून गेलाय. पुढच्या मे महिन्याच्या तारखांवर सध्या फोनवर वाद चालू आहे. हनोईवाल्याला रजा मिळाली की तिकिटं काढायची.

नमस्कार.