उद्यानासाठी खणलेली भुयारी वाट

बुडापेस्टच्या मध्यवस्तीत, व्होरोश्मार्ती चौकाच्या कडेला, लोखंडी कठड्यांमधून जमिनीत उतरणारा एक लहानसा जिना आहे. भुयारी रेल्वे म्हटले की लांबच लांब सरकते जिने आणि जमिनीखालची खोली डोळ्यांसमोर येते; येथे मात्र मोजक्या पायऱ्या उतरताच आपण फलाटावर पोहोचतो. पांढऱ्या टाइल्सच्या भिंती, लोखंडी खांब, डोक्यावर अगदी जवळ आलेले छत, आणि त्या छताला साजेशी ठेंगणी, पिवळ्या रंगाची गाडी. शहरातले लोक तिला ‘किशफोल्दअलत्ती’ म्हणतात, म्हणजे ‘छोटी भुयारी’. या नावात कौतुक आहे, आणि ते तिला शोभतेही.

ही रेल्वे जन्माला आली ती एका उद्यानासाठी. मॉड्यर, म्हणजेच हंगेरियन लोक कार्पेथियन खोऱ्यात, आजच्या हंगेरीच्या भूमीत, आले त्याला हजार वर्षे झाल्याचा सोहळा हंगेरीने १८९६ साली साजरा केला, आणि त्यानिमित्त भरणाऱ्या भव्य प्रदर्शनाची जागा ठरली वारोशलिगेट, म्हणजेच नगरोद्यान. तेथवर सरळ जाणारा आन्द्राशी मार्ग हा शहराचा मानबिंदू होता. त्याच्या देखणेपणाला बाधा येईल म्हणून त्यावर ट्रामचे रूळ टाकण्यास नगरपालिकेची परवानगी नव्हती, पण गर्दी तर न्यायला हवी होती. तेव्हा रस्ता वरून खणायचा, आत मार्ग बांधायचा, त्यावर पोलादी तुळयांचे छत घालायचे आणि रस्ता पुन्हा पूर्ववत करायचा, अशा पद्धतीने दोन वर्षांच्या आत काम पुरे झाले. मे १८९६ मध्ये विजेवर चालणारी ही गाडी सुरू झाली. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही पहिली भुयारी रेल्वे. एका रस्त्याचे सौंदर्य राखण्यासाठी इतके कष्ट घेणाऱ्या त्या शहराबद्दल मनात आदर दाटून येतो.

वाटेतल्या स्थानकांवरून गाडी पकडायची असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही दिशांचे फलाट वेगळे आहेत आणि त्यांचे जिनेही रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. उद्यानाकडे तोंड करून उभे राहिल्यास आपल्याला उजव्या हाताचा जिना उतरावा लागतो. चुकीच्या बाजूने उतरलात, तर पुन्हा वर येऊन रस्ता ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. ऑपेरा, ऑक्टोगॉन, बायझा मार्ग अशी स्थानके एकामागून एक येतात, इतकी जवळजवळ, की गाडीने वेग घेतला न घेतला तोच ती पुन्हा थांबते.

प्रथमच येणाऱ्याने ‘होशोक तेरे’ म्हणजे वीरांच्या चौकात उतरावे, असे मला वाटते. तेथे ३६ मीटर उंच स्तंभावर देवदूत गॅब्रिएल उभा आहे आणि पायथ्याशी सात मॉड्यर टोळीप्रमुख घोड्यांवर आरूढ आहेत. याच चौकाच्या परिसरात विल्मोश झिगमोंडी या अभियंत्याने १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षे खपून ९७० मीटर खोल विहीर खणली आणि ७४ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी वर आणले. रेल्वे ज्या भूमीत जेमतेम काही मीटर उतरते, त्याच भूमीच्या पोटात इतक्या खोलवर ऊन पाणी आहे, ही जाणीव झाल्यावर पुढचे उद्यान निराळ्याच दृष्टीने पाहिले जाते.

चौक ओलांडला की तळे लागते. उन्हाळ्यात तेथे होड्या चालतात आणि हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचा खेळ रंगतो; ही प्रथा १८७० पासूनची आहे. तळ्याकाठचा वायदाहुन्याद किल्ला जुना वाटतो, परंतु प्रदर्शनासाठी तो आधी लाकूड आणि पुठ्ठ्यात उभारला होता. लोकांना तो इतका आवडला, की पुढे तो पक्क्या बांधकामात नव्याने घडवण्यात आला. जवळच २०२२ साली खुले झालेले संगीतगृह आहे. वास्तुविशारद सोऊ फुजिमोतो यांनी त्याच्या छताला मोठी भोके ठेवली आहेत आणि त्यांतून झाडे आरपार वर गेली आहेत.

एके काळी उद्यानात शिरताच गाडी जमिनीवर येत असे आणि शेवटचा टप्पा झाडांमधून, उघड्या आकाशाखाली धावत असे. १९७३ साली मार्ग वाढवताना तोही भाग भूमिगत झाला. त्या रुळांवरून पादचाऱ्यांसाठी बांधलेला पूल मात्र अजून उभा आहे. त्याच्याखालून आता गाडी जात नाही, तरी त्यावर क्षणभर थांबावेसे वाटते.

परतीसाठी ‘सेचेन्यी’ स्थानक सोयीचे. १९१३ साली सुरू झालेल्या पिवळ्या भिंतींच्या, गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहासमोरच त्याचा जिना आहे. थंडीच्या संध्याकाळी स्नानगृहाच्या उघड्या कुंडांवर वाफ तरंगत असते, ओल्या केसांची माणसे मफलर सावरत बाहेर पडतात, आणि काही पायऱ्या उतरून पिवळ्या गाडीत बसतात.