पाच फूट नऊ इंचांचा लाईनबॅकर

नमस्कार मंडळी! पोह्यांच्या प्लेट फिरतायत तोवर बोलून घेतो. आपल्यातले निम्मे लोक न्यू जर्सीतून शार्लटला आलेत, म्हणून मुद्दाम जर्सीचाच माणूस निवडला. सॅम मिल्स, अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. आपल्या शार्लटच्या टीमच्या, पँथर्सच्या, स्टेडियमबाहेर पुतळा आहे तो, आणि ‘कीप पाउंडिंग’चे (म्हणजे ‘ठोकत राहा’चे) टीशर्ट आपली पोरं घालतात ते वाक्यही त्याचंच. पण टीशर्टमुळे एक घोळ झालाय, हा माणूस खेळायचा कसा हे कुणी सांगतच नाही.

लाईनबॅकर म्हणजे डिफेन्समध्ये पुढच्या धिप्पाड लोकांच्या मागे उभा असतो तो. मधल्या लाईनबॅकरला बॉल सुटायच्या आत सगळं वाचावं लागतं, समोरच्या गार्डचा (वाट मोकळी करणाऱ्या धिप्पाड खेळाडूचा) पहिला पाय कुठे पडतोय, फुलबॅक (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या पुढे धावणारा) कुठल्या बाजूला झुकलाय, आणि तेवढ्यात बाकीच्यांना ओरडून जागेवर आणायचं. कबड्डीत रेडरच्या पायांवर नजर ठेवणारा डिफेंडर आठवा, फक्त इथे समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येतात.

आता मिल्सची उंची पाच फूट नऊ इंच. माँटक्लेअर स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातून आलेला. 1981 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात, कुणी घेतलं नाही, क्लीव्हलँड ब्राउन्सने कॅम्पमधून काढलं, मग कॅनडात टोरांटोनेही काढलं. तेव्हा हा ईस्ट ऑरेंजच्या हायस्कूलमध्ये सुतारकाम आणि फोटोग्राफी शिकवायला लागला. (आपल्याकडे एव्हाना ‘बँकेच्या परीक्षा दे’ सुरू झालं असतं.)

1983 मध्ये यूएसएफएल नावाची नवी लीग निघाली, आणि गंमत बघा, ज्या क्लीव्हलँडच्या कोचने काढलं होतं त्यानेच फिलाडेल्फिया स्टार्सकडे याची शिफारस केली! स्टार्स तिन्ही वर्षं फायनलला गेले, दोनदा जिंकले. लीग बुडाली पण कोच जिम मोरा 1986 ला न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे जाताना मिल्सला सोबत घेऊन गेला. सेंट्सची टीम 1967 पासूनची, वीस वर्षांत एकही सीझन हरण्यापेक्षा जास्त जिंकण्याचा नाही. 1987 ला थेट 12 विजय, 3 पराभव. तिथले चार लाईनबॅकर म्हणजे ‘डोम पट्रोल’: बाहेरून रिकी जॅक्सन आणि पॅट स्विलिंग क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) मागे लागायचे, आत वॉन जॉन्सन आणि मिल्स बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवायचे. उंची कमी म्हणून मिल्स अडवायला आलेल्या ब्लॉकरच्या खांद्याखालून शिरायचा, म्हणजे जी गोष्ट खेळाडू पारखणाऱ्या स्काउट लोकांनी वजाबाकीत धरली होती तीच कामाला आली. अर्थात नुसत्या बुटकेपणाने काही होत नाही हो, आधी वाचलेलं असायचं म्हणून तो वेळेवर तिथे पोचायचा.

1995 ला आपले पँथर्स सुरू झाले आणि हा छत्तिसाव्या वर्षी इथे आला. पहिले पाच सामने हरलो, सहावा जेट्सशी, त्यात मिल्सने पास मध्येच पकडून 36 यार्ड पळत टचडाउन केला (बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले) आणि फ्रँचायझीचा पहिला विजय मिळाला. 1996 ला सदतिसाव्या वर्षी ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, त्याच सीझनला प्लेऑफमध्ये (सीझनअखेरच्या बाद फेरीत) डॅलसला हरवलं. 1997 नंतर निवृत्त, मग इथेच कोच.

2003 च्या ऑगस्टमध्ये आतड्याचा कॅन्सर निघाला. केमो घेत घेत कोचिंग चालूच, आणि जानेवारीत डॅलसविरुद्धच्या प्लेऑफआधी तो टीमशी बोलला, की दोनच रस्ते होते, सोडून देणं किंवा ठोकत राहणं. ते वाक्य तिथलं. टीम सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, गेली, पेट्रियट्सकडून 32-29 हरली. एप्रिल 2005 मध्ये तो गेला, वय फक्त 45. 51 नंबरची जर्सी पँथर्सने कायमची निवृत्त केली.

महान खेळाडूंना मान देणाऱ्या हॉल ऑफ फेमवाल्यांनी मात्र हद्दच केली. पात्रतेचं अगदी शेवटचं वर्ष उजाडलं तेव्हा, 2022 मध्ये, त्यांनी त्याला घेतलं, आणि भाषण त्याच्या बायकोला, मेलनीला, करावं लागलं.