खाच

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं एक्स-रे सेंटर. काळ्या पाटीवर दोन हात.)

बांगड्या निघेनात. हिरव्या काचेच्या, दोन्ही हातांत सहा-सहा. गेल्या वर्षी सहज निघायच्या, आता बोटांच्या मुळांशी अडतात. शेवटी टेक्निशियनच म्हणतो, "राहू द्या मावशी, कोपराकडे सरकवा. मनगट मोकळं पाहिजे." मावशी बांगड्या वर सारतात, तळवे पाटीवर टेकवतात. टेकवतात म्हणायचं, उजव्या हाताची मधली दोन बोटं काही पुरती टेकत नाहीत.

चिठ्ठीवर लिहिलंय, दोन्ही हात, मनगटांसकट. त्याखाली, दोनदा रेघ मारून, दोन्ही पाय.

"पाय कशाला? पाय नाही दुखत माझे."

प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे येऊच.

(दृश्य: जुनं छायाचित्र. हाताची हाडं, बोटात अंगठी.)

२२ डिसेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये एक्स-रेचा शोध लावणाऱ्या विल्हेल्म राँटगेन यांनी पत्नी आना बेर्टा यांचा हात प्लेटवर ठेवून हा फोटो काढला. हाडं उमटली, अंगठीही उमटली. म्हणजे दागिन्यांची अडचण पहिल्या दिवसापासूनची! एवढी वर्षं लोटली, यंत्रं बदलली, तरी सांध्यांचे डॉक्टर आजही सुरुवात करतात ती हाताच्या साध्या फोटोनेच.

आपल्याकडे सांधा दुखला की एकच निदान ठरलेलं असतं, 'हाड झिजलंय'. उतारवयातल्या गुडघ्याबाबत ते चालून जातं. तिथे कूर्चा झिजते, खालचं हाड फोटोत जास्तच पांढरं दिसतं, कडेला टोकं फुटतात. मावशींना आहे तो आमवात, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड म्हणतात. त्यात हाड झिजत नाही, कुरतडलं जातं. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि कडेने हाडात घुसतं.

कडेनेच का? हाडाच्या टोकावर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं, पण सांध्याची पिशवी जिथे हाडाला चिकटते तिथपर्यंत ते पोचत नाही. मध्ये उघड्या हाडाची चिंचोळी पट्टी राहते. पातेल्याला कल्हई करताना काठ राहून जावा आणि आमटी नेमकी तिथूनच कळकावी, तसं हे.

(दृश्य: उजेडाच्या पेटीवर लावलेली फिल्म. बोटाच्या मुळाशी कॅमेरा जवळ जातो.)

ही बघा, तर्जनीच्या मुळाची कड. हाडाची पांढरी रेघ वरून सरळ येते, इथे तुटते, आणि उंदराने भाकरीची कड खावी तशी छोटीशी खाच दिसते. सांध्याजवळचं हाडही थोडं काळवंडलेलं, म्हणजे विरळ झालेलं. हात जरा तिरका पडला तर ही खाच लपते. म्हणून दुसरा फोटो प्रसादाला हात पुढे करावेत तसे, तळवे अर्धे उघडे ठेवून काढतात. डेन्मार्कचे डॉक्टर नॉर्गार्ड यांनी १९६५ साली ही पद्धत सांगितली. तिकडे तिला चेंडू झेलण्याची उपमा देतात. आपल्याला प्रसाद जवळचा.

खाच दिसली, पण ती वाढतेय का? ते मोजल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतले डॉक्टर जॉन शार्प यांनी १९७१ साली हातांचे सांधे ठरवून, एकेका सांध्याला गुण द्यायची रीत मांडली. त्यांच्या मोजणीत पाय नव्हतेच. ते घेतले नेदरलँड्सच्या देसिरे फान दर हेइड यांनी, १९८९ साली. आता दोन्ही हातांतल्या ३२ जागा आणि दोन्ही पायांतले १२ सांधे खाचांसाठी तपासायचे, सांध्यातली फट किती आवळली याचे गुण वेगळे. सगळं मिळून जास्तीत जास्त ४४८. इथे जितके गुण जास्त, तितकं नुकसान जास्त. औषधांच्या चाचण्यांत हे गुण देणाऱ्याला कुठल्या रुग्णाला काय दिलंय ते सांगत नाहीत. काही वेळा कुठली फिल्म आधीची आणि कुठली नंतरची, हेही झाकून ठेवतात. माणूस सुधारणा शोधायला बसला की त्याला ती दिसतेच, म्हणून हा बंदोबस्त.

या मोजणीने एक चक्रावणारी गोष्ट दाखवली. २००० साली इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची ४२८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ५४ आठवड्यांत नुसत्या मेथोट्रेक्सेटवर, म्हणजे आमवाताच्या नेहमीच्या औषधावर, असलेल्यांचे गुण सरासरी ७ने वाढले, दोन्ही औषधं घेणाऱ्यांचे फक्त ०.६ने. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दोन्ही औषधं घेऊनही ज्यांचं दुखणं-सूज फारशी कमी झाली नव्हती, त्यांच्याही हाडांची कुरतड आटोक्यात आली होती. दुखणं एक सांगतं, हाड दुसरंच.

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा, मग एमआरआय.)

एक्स-रेचा मोठा दोष म्हणजे तो झालेलं सांगतो, होणारं नाही. म्हणूनच कुणाला आमवाताचा रुग्ण धरायचं याच्या २०१०च्या निकषांत फोटोतल्या खाचांना गुण ठेवले नाहीत. १९८७च्या निकषांत मात्र खाचा धरल्या जायच्या. खाचेची वाट बघत बसायचं तर औषधाला उशीरच व्हायचा.

सोनोग्राफीत सुजलेल्या अस्तरातला रक्तप्रवाह लालभडक चमकतो, म्हणजे आग आत्ता धुमसतेय. खाच मात्र एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी दिसली तरच ती खाच. एमआरआय त्याही पुढे जातो. हाडाच्या आतली ओल दाखवतो. भिंतीला ओल धरली तरी पोपडे लगेच पडत नाहीत. पण जिथे ओल, तिथेच पुढे खाच पडण्याचा धोका जास्त.

मग सरसकट एमआरआयच का नको? आमच्या मते नकोच. निदान अडलं असेल, सूज आहे की नाही याचा वाद असेल, तिथे जरूर. बाकी वेळी हातापायांचा साधा, नीट काढलेला फोटो पुष्कळ काम करतो. शिवाय यंत्र जितकं बारीक बघतं तितका गोंधळही वाढतो. केसाएवढं बारीक टिपणारे सिटी स्कॅन संशोधनात वापरतात, त्यांत ठणठणीत माणसांच्या हाडांतही बारीक भोकं दिसली आहेत. काही तर नुसत्या रक्तवाहिन्यांच्या वाटा.

(दृश्य: पुन्हा एक्स-रे सेंटर. पाटी जमिनीवर. मावशी चप्पल काढतात.)

आता पाय. आमवाताची पहिली खाच कित्येकदा हातात पडतच नाही. ती पडते चवड्यात, पायाच्या करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या कडेला, आणि तिथे दुखतंच असं नाही. चिठ्ठीवर पाय लिहायचा राहून जाणं हे तसं रोजचंच.

"चवडा सपाट ठेवा. हलू नका."

फिल्म ओलसरच हातात मिळायचे दिवस गेले. आता चित्र लगेच पडद्यावर येतं. टेक्निशियन करंगळीच्या मुळावर चित्र मोठं करतो, क्षणभर थांबतो, काही बोलत नाही. ते डॉक्टरांचं काम.

"मागचा फोटो आहे का घरी?" तो विचारतो.

"आहे की. कपाटावर, गुंडाळी करून ठेवलाय."

"डॉक्टरांकडे जाताना तो घेऊन जा. दोन्ही शेजारी लावून बघतील."

मावशी बांगड्या खाली सारतात. त्या मनगटाशी येऊन किणकिणतात.